दामदुप्पट

पैसे दुप्पट करून देतो असं कुणी म्हणालं, की बँकेतला माणूस आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग दाराकडे. दुप्पट ही गोष्ट आमच्या धंद्यात फार सावकाश घडते. ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं आणि येतील तितकी वर्षं गप्प बसायचं. सहा टक्के असेल तर बारा वर्षं. याहून लवकर दुप्पट होणाऱ्या गोष्टी मला दोनच माहीत आहेत : घराच्या रंगकामाचा अंदाजित खर्च आणि एक तारखेची काउंटरपुढची रांग.

अस्मादिक बी. कॉम. त्यानंतरची बावीस वर्षं त्याच काउंटरच्या आतल्या अंगाला. तेव्हा आमच्या कन्येने, म्हणजे चि. सईने, रात्री जेवताना जाहीर केलं की, "बाबा, एक काच मिळते. ती लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवली की उजेड दुप्पट होतो आणि फोटोत मावतंही दुप्पट," तेव्हा माझा हात वरणभातावरच थांबला.

"कुणाची स्कीम आहे?" मी विचारलं.

"स्कीम नाही रे. फोकल रिड्यूसर."

नावात 'रिड्यूस', म्हणजे कमी करणं; आणि वचन दुपटीचं! असा कागद बँकेत आला तर आम्ही त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून चहाला जातो. घरात साहेबही मीच (सौ. बाहेर गेलेली असेल तर), त्यामुळे चहाची सोय नव्हती.

या प्रकरणाचं मूळ अण्णांच्या कपाटात होतं. आमच्या तीर्थरूपांकडे पेन्टॅक्स के-१००० हा कॅमेरा आहे. १९८५ साली मस्कतचे मामा सुट्टीवर आले तेव्हा सगळ्या डोंबिवलीने त्यांच्याकडे सेंट, साबण आणि टेपरेकॉर्डर मागितले. अण्णांनी कॅमेरा मागितला आणि पै न पै चुकती केली. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं फारसा न बदलता बनत राहिला. त्यातली बॅटरी फक्त उजेड मोजायला, बाकी सगळा कारभार स्प्रिंगांचा. पुढे ५० मिलिमीटरची, एफ/२ ची लेन्स. आमची मुंज, बहिणीचं बारसं, पहिला फ्रीज, झाडून सगळे त्या लेन्समधून आल्बममध्ये गेले. पुढे रोल महाग झाले, धुऊन देणारे कमी झाले आणि कॅमेरा नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या सोबतीला गेला.

सई मास मीडिया शिकते. म्हणजे नेमकं काय शिकते हे मला तीन वर्षं कळलेलं नाही, पण त्याला मिररलेस कॅमेरा लागतो हे मात्र पहिल्याच वर्षी कळलं. कारण त्यात माझा बोनस गेला. त्या नव्या कॅमेऱ्याला आजोबांची लेन्स लावायची असं तिच्या डोक्यात आलं.

"त्याच्याबरोबर आलेली लेन्स आहे ना? तिच्यात सगळं मावतं की!" सौभाग्यवतींनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. मुद्द्याचे प्रश्न हे खातं आमच्याकडे पहिल्यापासून तिच्याच नावावर आहे.

"आई, भात कुकरमध्ये होतो. मग गणपतीत तू पितळी पातेलं का काढतेस?"

यावर आमची सौ. गप्प बसली. ही घटना मी तारखेनिशी टिपून ठेवली आहे.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका वाचकहो, मी कॉमर्सचा आहे, मला समजलं तेवढंच सांगणार. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असायचा. बटण दाबलं की तो टणकन वर उडायचा आणि मग फिल्मला उजेड दिसायचा. या आरशाला उठाबशा काढायला जागा हवी, म्हणून पेन्टॅक्सच्या लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर दूर ठेवलेली. २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ नावाचा कॅमेरा काढला आणि आरशालाच रजा दिली. दहा बाय बाराच्या खोलीतून गोदरेजचं कपाट काढल्यावर जे होतं तेच झालं. भिंती जवळ आल्या. सईच्या सोनीत हे अंतर अवघं १८ मिलिमीटर. दोहोंतली तफावत २७.४६. तेवढ्या लांबीची नळी मध्ये घातली की लेन्स आपल्या जुन्या अंतरावर उभी राहते. या नळीला अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, तारा नाहीत, काही नाही. तिचं काम एकच : दोन पार्ट्यांमध्ये ठरलेलं अंतर राखणं. निव्वळ अंतर राखण्यावर बढत्या घेतलेले अधिकारी मी पाहिलेले आहेत, त्यामुळे ही नळी मला चटकन समजली.

सईने आधी अशी साधी नळीच आणली. लेन्स बसली, पण कॅमेरा म्हणायला लागला की लेन्सच नाही! केवायसी नसलेला खातेदार समोर उभा असला तरी आमच्या लेखी नसतो, त्यातलाच प्रकार. मग मेनूत शिरून 'लेन्स नसली तरी शटर उडू दे' अशी खास परवानगी द्यावी लागली. फोकस हाताने फिरवायचा, भोक हाताने लहानमोठं करायचं. अण्णांना हे फार आवडलं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची नवी लेन्स बसली आहे. म्हणजे तिकडे जुन्या बॉडीत नवी लेन्स, इकडे नव्या बॉडीला जुनी. दोघांची एरवी 'जेवलीस का' आणि 'हो आजोबा' एवढीच उलाढाल असायची. त्या दिवशी दोघं तासभर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली चादर टिपत बसले.

घोळ झाला तो रविवारी. आमच्या आल्बममध्ये १९९१ सालच्या गणपतीचा एक फोटो आहे. घड्याळाखालच्या भिंतीला पाठ टेकून अण्णांनी काढलेला. समोर मखर आणि मखराच्या दोन्ही अंगांना आमचं खानदान. यंदा तोच फोटो, त्याच लेन्सने, त्याच जागेवरून काढायचा असं सईने ठरवलं आणि रंगीत तालीम लावली. माईआत्याही आलेली होती.

सईने फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला.

"माई कुठाय?"

"अरे, ही काय मी, इथेच," माईआत्या दाराच्या चौकटीपाशी उभी राहून म्हणाली.

पण पडद्यावर माईआत्या नव्हती. उजवीकडच्या काकांचं अर्ध्याहून अधिक कर्ज माफ झालेलं होतं.

माईआत्या ही अण्णांची थोरली बहीण. एकोणतिसाव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडे परत आली, शिवणकामाचे क्लास काढले आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. पण फोटोला उभं राहायची वेळ आली की ती आपली डाव्या कडेला. "तुम्ही घ्या रे, मी आहे इथे," म्हणायची आणि एक हात चौकटीवर ठेवायची. त्या काळात सवाष्णींच्या घोळक्यात मधे उभं राहायला तिला कुणी बोलावलं नाही. पुढे बोलावलं तेव्हा पायांना कडेची सवय झालेली होती. अण्णांनी तिला कधी ओढून मध्ये आणलं नाही. ते फक्त कॅमेऱ्यातून डोकी मोजायचे, आणि माई आत आल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. आल्बमच्या सगळ्या पानांवर ती कडेला आहे. पण आहे.

आता नाहीशी झाली ती कशी? मी कागद घेतला. फिल्मचा चौकोन ३६ बाय २४ मिलिमीटर. सईच्या कॅमेऱ्यातला सेन्सर २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळाच्या हिशेबाने शंभरातले फक्त बेचाळीस. दहा फुटांवरून त्याच लेन्समध्ये पूर्वी सात फूट रुंदीचं माणूसबळ मावायचं, आता पावणेपाच. म्हणजे दोन्ही टोकांना एकेक माणूस गळणार, आणि टोकाला कोण उभं असतं ते घराघरांत ठरलेलं असतं. मागे सरकावं तर पाठीला भिंत, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

यात लेन्सचा काही दोष नव्हता हो. ती पूर्वीइतकाच उजेड आणत होती, माईआत्यालाही आणत होती. पण सेन्सरच्या कडेबाहेर, आतल्या काळ्या भिंतीवर नेऊन टाकत होती. जमा करून घ्यायला तिथे कुणी बसलेलंच नव्हतं.

आणि इथे ती दुपटीची काच आली. तत्त्व जुनंच आहे. आकाशाचे फोटो काढणारे लोक दुर्बिणीच्या मागे असली काच पूर्वीपासून लावतात. पण आरशाच्या कॅमेऱ्यात तिला शिरायला जागा नव्हती. १९९५ च्या सुमारास निकॉन आणि फुजी यांनी मिळून एका डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात असली भिंगं बसवली होती. पण तो कॅमेरा चांगलाच धिप्पाड झाला. आरसा गेल्यावर रस्ता मोकळा झाला. २०१३ च्या जानेवारीत मेटाबोन्स या कंपनीने ब्रायन कॉल्डवेल या भिंगतज्ज्ञाच्या आखणीवरून 'स्पीड बूस्टर' आणला, आणि पाठोपाठ स्वस्तातले चुलत-मावस भाऊ चीनमधून आले. नळीच ती, पण आत भिंगांचा एक संच. लेन्सने आणलेलं चित्र तो ०.७१ पट आकसून सेन्सरवर ठेवतो.

बस्, एवढंच. आता हिशेब बघा. ५० ची लेन्स झाली साडेपस्तीसची. ०.७१ गुणिले ०.७१ म्हणजे जवळजवळ निम्मं. सगळा उजेड निम्म्या जागेत आला, म्हणून जागोजागी दुप्पट. एफ/२ ची लेन्स एफ/१.४ सारखी वागू लागली. आणि बेचाळीस टक्क्यांचं चित्र झालं चौऱ्याऐंशी टक्के. मी तीन वेळा उभी-आडवी बेरीज घेतली. ताळा जुळला. कुठून काही नवीन आलेलं नाही. पूर्वी जे काळ्या भिंतीवर बुडीत खाती जात होतं, ते गोळा करून खातेदाराच्या नावे जमा झालं. तात्पर्य, ही दामदुप्पट नव्हे. ही वसुली. अण्णांच्या लेन्सला तिचंच परत मिळालं, तेही सोळा टक्के कापून. आणि सोळा टक्क्यांत तडजोड होते म्हटल्यावर बँकेतला कुठला माणूस नाही म्हणेल?

बँक सुटल्यावर आम्ही दोघं बोरा बाजारात गेलो. दुकानदाराने एक महागडी काच दाखवली आणि एक स्वस्त. आम्ही मध्यमवर्गीय परंपरेला जागून स्वस्त घेतली. तिने घरी आल्यावर आपले गुण दाखवले. ट्यूबलाइट समोर असताना भोक लहान केलं तर फोटोच्या मधोमध एक निळा ठिपका उमटतो, गणपतीला दृष्ट लागू नये म्हणून लावावा तसा. आणि कडेची माणसं जराशी पुसट येतात. मध्यभागी केस न् केस मोजून घ्या. टोकाला गेलं की चेहऱ्यावर धुक्याचा पातळ पदर.

गणेशचतुर्थीला संध्याकाळी ट्यूबलाइट बंद केली. समया आणि मखराची माळ, एवढाच उजेड. नुसत्या नळीने एक तीसांश सेकंद लागला असता, काचेमुळे एक साठांश चालला. म्हणजे माणसांनी हलायचं तेवढं हलून घेतलं तरी चालण्यासारखं होतं. घड्याळाखाली भिंतीला टेकून अण्णा. शेजारी सई, "आजोबा, कडा लाल दिसल्या की फोकस झाला समजा," असं सांगत. समोर साडेसहा फुटांत आम्ही सगळे. अण्णा ओठ हलवत डोकी मोजत होते. मग बटण दाबलं.

माईआत्या आली होती. पदराचा काठ आणि चौकटीवरची दोन बोटं तेवढी कापली गेली होती. चेहरा थोडा पुसट. सई हळहळली, म्हणाली, आत्याआजी, महागातली काच घेतली असती तर तू आणखी स्वच्छ आली असतीस.

माईआत्याने पडदा डोळ्यांजवळ नेला. "राहू दे गं. चांगली आलेय की. सुरकुत्या गेल्या सगळ्या."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फोटो छापून आणवला आणि चार कोपरे लावून आल्बममध्ये बसवला. खाली पेन्सिलीने, त्यांच्या नेहमीच्या अक्षरात, डावीकडून नावं लिहिली. डावीकडूनच लिहायची पद्धत असते. म्हणून आमच्या आल्बममधल्या प्रत्येक यादीत पहिलं नाव माईचं आहे.