एकदम बंद करायचं नाही

संध्याकाळी सातला काकूंचा कुकर उतरतो आणि आठला काकांचं जेवण खुंटीवर चढतं. तीन कप्प्यांची पिशवी. एकात ग्लुकोज, एकात अमायनो आम्लं, एकात दुधासारखं पांढरं फॅट. वरून गुंडाळत दाबली की मधले पडदे सुटतात आणि तिन्ही एक होतात. शेजारी त्याला ‘पांढरं सलाईन’ म्हणतात.

माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटरचं. काकांच्या आतड्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, आतडं काळं पडलं आणि ऑपरेशननंतर हातभर उरलं. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून रोज रात्री बारा तास अन्न थेट रक्तात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅनली डुड्रिक यांनी बीगल जातीची पिल्लं नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली, तिथून हा मार्ग खुला झाला. इतकं दाट ग्लुकोज हाताच्या शिरेला सोसत नाही. म्हणून अन्न नेणाऱ्या नळीचं, म्हणजे लाईनचं, टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. अन्नाला हा रस्ता खुला, तसा जंतूंनाही.

हा रस्ता राखायला घरच्यांना शिकवणं हे माझं नर्सिंगमधलं काम. काकूंना ‘निर्जंतुक’ हा शब्द जड गेला. बोलता बोलता कळलं, त्यांच्या सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. त्या सोवळ्याने माणसांना लांब ठेवलं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आम्ही त्यातली हातांची शिस्त तेवढी उचलली. पंखा बंद. टेबल पुसलेलं. हात साबणाने धुतलेले. लाईनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. जोडायच्या टोकाला बोट लागलं तर ते ओवळं, टाकून द्यायचं. चौथ्या दिवशी काकूंचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

शेवटचा धडा पंपाचा. ग्लुकोज रात्रभर जात असताना शरीर त्या हिशोबाने इन्सुलिन सोडत असतं. पिशवी अचानक थांबली तर इन्सुलिन मागे उरतं आणि साखर घसरते. म्हणून शेवटच्या तासात वेग निम्मा करायचा. काकूंच्या वहीत मी स्वतः लिहून दिलं, ‘एकदम बंद करायचं नाही’, आणि खाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री पिशवी लावून तास झाला आणि काका थंडीने कुडकुडू लागले. काकूंनी दोन गोधड्या घातल्या, तापाची गोळी दिली, पंपाचा वेग निम्मा केला आणि पिशवी चालू ठेवली. सकाळी हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा काकांचं ब्लडप्रेशर खूप उतरलं होतं. लाईनमध्ये जंतू वाढले होते. प्रत्येक थेंब त्यांना रक्तात लोटत होता. लाईन काढावी लागली. आठ दिवस आयसीयूत काढून काका वाचले.

“तुम्हीच म्हणालात ना ताई, एकदम बंद करायचं नाही,” काकूंनी वही उघडून दाखवली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागलं. थंडी वाजली तर ताबडतोब थांबवायचं, हे मी तोंडी सांगितलं होतं. पण पन्नास सूचनांमधली एक म्हणून, रेघ न ओढता. दोन भीतींपैकी मोठी कुठली, ते मी शिकवलंच नव्हतं. साखर घसरली तर ती मोजता येते, सावरता येते. रक्तात पसरलेले जंतू सकाळपर्यंत थांबत नाहीत.

तेव्हापासून लावायला शिकवण्याआधी मी थांबवायला शिकवते. खुर्चीत बसते, दात वाजवत थरथरते, आणि समोरच्याने पंप बंद करून क्लॅम्प लावायचा, ग्लुकोमीटरवर साखर बघायची, गाडी बोलवायची. हात अडखळतो. पिशवी महाग असते, आणि पानात काही टाकायचं नाही हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. फॅट फुटून पिशवीत वर पिवळट तेलाचा थर दिसला तर ती ओतून द्यायची, हेही म्हणूनच पुनःपुन्हा सांगावं लागतं. इथे अन्न टाकून देणं पाप नाही, हे मी मोठ्याने म्हणते आणि त्यांच्याकडून म्हणवून घेते.

काकांना नवी लाईन बसली. पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला फोन वाजला. “ताई, थंडी वाजली. बंद केलं, क्लॅम्प लावलाय. साखर एकशे दहा. रिक्षा दारात आहे.”

रक्ताच्या तपासणीत या वेळी काही वाढलं नाही. साधा ताप निघाला. काकू संकोचून म्हणाल्या, “उगाच एक पिशवी वाया गेली का हो?”

“नाही काकू. असाच ताप आला तर पुन्हा घालवा,” मी म्हटलं आणि त्यांची वही मागितली. ते वाक्य मला दुरुस्त करायचं होतं. पान उघडलं. माझ्या दोन लाल रेघांखाली काकूंनी आपल्या गोल अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं: ‘थंडी वाजली तर लगेच.’