दुखणे क्लचचे, औषध गिअरचे

म्हातारा माणूस आणि जुनी जीप यांच्या दुखण्यावर औषध सांगायला डिग्री लागत नाही. शिंदखेडा स्टेशनाबाहेर आमच्या जीपचा गिअर करकरला, तेव्हा पानवाल्यापासून दोंडाईच्याच्या मिरचीवाल्या शेटजींपर्यंत सर्वांचे एकच मत पडले : ‘गिअरबॉक्स खोला.’ त्यांचे काय जाते? खिसा आमचा खोलायचा होता!

मिस्त्रीने आधी इंजिन बंद करून गिअर टाकले. एकेक सुखाने पडला. इंजिन चालू केले, की पुन्हा करकर! ‘भाऊ, दुखनं गिअरनं नई शे, क्लचनं शे.’ पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता. मग हँडब्रेक ओढून, टॉप गिअर टाकून त्याने क्लच सोडला. इंजिन गप्पकन बंद. म्हणजे प्लेट घसरत नव्हती. मी श्वास सोडला. पेडलला इंचभर ढिलाई पुरते, आमच्याकडे तीन इंच! एक नट आवळला, काम झाले.

तीन गिअरच्या जुन्या जीपला पहिल्या गिअरवर सिंक्रो नसतोच. गाडी पुरती थांबल्यावरच तो टाकावा. चालत्या गाडीत हवाच असेल, तर क्लच दोनदा दाबावा, मधे न्यूट्रलवर थोडी रेस द्यावी. आणि तेवढा वेळ शेजारच्याचा सल्ला ऐकू नये.