पान्हा

२००५ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गोठ्यात शिरलं आणि त्या गडबडीत आमची जुनी म्हैस आजारी पडून गेली. दावण रिकामी झाली. आज्जी मात्र सवयीनं रोज पहाटे उठायची, बादली घ्यायची आणि गोठ्याच्या दारातनं तशीच माघारी यायची. अण्णांनी हे चार महिने बघितलं. कार्तिकीला ते पंढरपूरला गेले, विठोबाचं दर्शन घेतलं आणि जनावरांच्या बाजारातून एक पहिलारू म्हैस आणि तिचं पंधरा दिवसांचं रेडकू टेंपोत घालून घेऊन आले. म्हशीच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद होता. आज्जीनं तिच्या पायावर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि नाव ठेवलं चंद्री.

चंद्री जातिवंत पंढरपुरी. या म्हशींची ओळख शिंगांत. तलवारीसारखी लांब, मानेवरून मागं जाऊन खांद्याच्याही पलीकडं पोचणारी. गवळी लोक शिंगांच्या ठेवणीवरून भारकंड, टोकी, मेटी अशी नावं देतात. आमचा बोळ अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. चंद्री बोळाच्या तोंडाशी आली की मान तिरकी करायची, एक शिंग वर, एक खाली, आणि तशीच चालत गोठ्यापर्यंत यायची. वाटेत पोरं गोट्या खेळत बसलेली असत. कुणी उठत नसे. चौदा वर्षांत तिचं शिंग एकाही माणसाला लागलं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचे. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की खरं वाटत नाही, पण आमच्याकडं म्हैस रस्त्यावर उभी करून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ पेला तिथंच हातात देतात. धारोष्ण. गंगावेस, मिरजकर तिकटी, ही त्याची ठिकाणं. शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचा नाद लावला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि पैलवान म्हटलं की दूध आलंच. तालमीतली पोरं लंगोटावर टॉवेल गुंडाळून यायची, हातात लोटा. हातगाडी ओढणारा यायचा, अंबाबाईचं दर्शन घेऊन निघालेलं नवं जोडपं यायचं, घरी बाळंतीण असलेला माणूस किटली घेऊन घाईत यायचा. एक पैलवान हरियाणाचा होता. त्याच्या घरच्या मुऱ्हा म्हशींची शिंगं जिलबीसारखी वळलेली. चंद्रीची शिंगं बघून तो पहिल्या दिवशी हसतच सुटला. पुढं रोज दूध पिऊन झाल्यावरही तो तिच्या मानेखाली खाजवत उभा राहायचा. अण्णा म्हणायचे, "राहू दे त्याला. घरची आठवण येती पोराला."

ह्या धार काढण्यात खरी करामत म्हशीची असते. गाईच्या सडांत थोडंफार दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वर, कासेच्या बारीक पिशव्यांत धरलेलं असतं. ते खाली यायला पान्हा सुटावा लागतो, आणि पान्हा मागून मिळत नाही. रेडकानं तोंड लावलं, ओळखीच्या हातानं कास धुतली, ओळखीचा आवाज कानावर आला, की अंगात एक संप्रेरक सुटतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत सड भरून येतात. बाळाला पाजणाऱ्या बाईच्या अंगात सुटतं तेच हे, ऑक्सिटोसिन. जनावर बिचकलं, दुखलं, परकं माणूस अंगावर आलं, की ते थांबतं. मग कितीही ओढा, धार नाही. आपल्या भाषेनं आईच्या दुधाला आणि म्हशीच्या दुधाला एकच शब्द ठेवला, पान्हा, तो उगाच नाही.

आणि चंद्री हा पान्हा भर रस्त्यात सोडायची. बाजूनं केएमटीची बस जायची, रिक्षांचे हॉर्न, समोर पंधरा माणसं. अण्णा एक पेला काढायचे, थांबायचे, पैसे घ्यायचे, दुसरा पेला. तास-तास हे चालायचं आणि ती रवंथ करत उभी असायची. पहिले दोन सड रेडकाचे, हा आज्जीचा नियम होता आणि तो गिऱ्हाईक वाढलं म्हणून कधी मोडला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मात्र ती वेगळीच दिसायची. त्या दिवशी कोल्हापुरातले गवळी म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात घुंगरू आणि कवड्या, अंगावरची केसं कातरून काढलेली नक्षी. हल्ली पुढं मोटारसायकल आणि तिचा कानठळ्या बसवणारा आवाज असतो. अण्णांना तो आवडला नाही, मलाही आवडत नाही. अण्णा पायी पळायचे. दोनशे पावलं पुढं जाऊन गर्दीत दिसेनासे व्हायचे आणि हाक द्यायचे, "चंद्रे, ये गं माझी आई!" हजारो माणसांतून चंद्री घुंगरं वाजवत नेमकी त्यांच्यापाशी येऊन थांबायची, नाकपुड्या फुललेल्या, आणि त्यांच्या खांद्यावर तोंड टेकायची. अण्णांचा नवा सदरा दरवर्षी लाळेनं भिजायचा. आई तो धुवायची आणि एका शब्दानं बोलायची नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात आज्जी गेली. कोल्हापुरात अंत्यसंस्कार महापालिका मोफत करते, आणि पंचगंगा स्मशानभूमीत चितेला शेणी वापरतात. आज्जीनं जन्मभर शेणी लावल्या. शेणात भुसा मळायचा, गोळा भिंतीवर थापायचा, वर पाच बोटं दाबायची. आमच्या माळ्यावर तिच्या शेणींचा ढीग होता, चंद्रीच्या शेणाचा. अण्णांनी त्या टेंपोत भरून नेल्या. चिता रचताना मी एक शेणी हातात घेतली. तीवर आज्जीच्या बोटांचे ठसे होते, करंगळी थोडी वाकडी, लहानपणी जात्यात सापडलेली. तीच शेणी मी तिच्या उशाशी ठेवली.

त्या संध्याकाळपासून चंद्रीनं दूध चोरलं. कास भरलेली, पण धार नाही. अण्णा बसले, गोंजारून झालं, रेडी सोडून बघितली, कोमट पाण्यानं कास शेकली. तीन दिवस हेच. ती सारखी गोठ्याच्या दाराकडं बघायची, कारण धार काढताना तिच्या डोक्याशी आज्जी बसलेली असायची, पाट टाकून, जपमाळ घेऊन. चौथ्या दिवशी आईनं आज्जीचं इरकली लुगडं नेसलं आणि त्याच पाटावर जाऊन बसली. चंद्रीनं लुगड्याचा पदर हुंगला. बराच वेळ हुंगला. मग एक लांब सुस्कारा टाकला आणि अण्णा हळूच म्हणाले, "सुटला." आई पदरात तोंड घालून रडली. मी तोवर आज्जीसाठी रडलो नव्हतो, तिथं रडलो.

चंद्रीचं ते शेवटचं वेत. पुढं ती भाकड झाली. व्यापारी दारात यायचे, आकडा सांगायचे. २०१५ च्या कायद्यानं गाईबरोबर बैलांनाही संरक्षण दिलं, म्हशीला ते नाही, त्यामुळं ती कुठं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाकड म्हशीला रोज वैरण-पेंड घालणं आमच्यासारख्याला परवडत नाही, हेही खरं. जे विकतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. अण्णांनी व्यापाऱ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर पुन्हा आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, गावात प्यायला पाणी मिळेना. आमच्या बोळात पाणी शिरलं त्या रात्री अण्णांना फोन आला. राजारामपुरीतले एक मास्तर, कट्ट्यावरचं जुनं गिऱ्हाईक. "अण्णा, म्हैस घेऊन वर या. माझ्या दोन्ही पोरी तिच्या दुधावर वाढल्यात." अठरा वर्षांची चंद्री गुडघाभर पाण्यातून, पावसात, अंधारात चालली. एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी. वाटेत अनोळखी पोरांनी बॅटरी धरली, एकानं अंगातला रेनकोट काढून तिच्या पाठीवर टाकला. मास्तरांच्या अंगणात आंब्याखाली ती नऊ दिवस राहिली. त्या गल्लीतल्या बायका सकाळी भाजीचे देठ, शिळ्या चपात्या आणून घालायच्या. मास्तरांची मोठी पोरगी कॉलेजात होती, ती चंद्रीच्या अंगावरचा चिखल बादलीनं पाणी आणून धुवायची, आणि पाणी त्या दिवसांत टँकरचं होतं, रांगेत उभं राहून आणलेलं.

ती २०२० च्या जानेवारीत गेली, रात्री, झोपेतच. चुलत्यांच्या वडणग्याच्या शेतात मीठ घालून तिला पुरलं. हरियाणाचा पैलवान आता तिकडं गावी असतो, त्याला फोन केला तर तो बराच वेळ बोललाच नाही.

मार्चमध्ये होळी आली. आमच्या गावात होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला दान द्यायची रीत पडली आहे. आईनं माळ्यावर चढून चंद्रीच्या राहिलेल्या शेणी खाली काढल्या. ह्यांच्यावर बोटं आईची होती. अण्णांनी त्या एकेक मोजून हातगाडीवर रचल्या आणि पंचगंगेवर पोचत्या केल्या. एकशे बारा भरल्या.