छातीवरचा बॅज

सोमवार, १ एप्रिल २०२४, सरगूर

तिमाही बदलली. एक्स-रे विभागातले, किरणांची मात्रा मोजणारे जुने टीएलडी बॅज गोळा करून पाकिटात भरले, सोबत कंट्रोल बॅजही. पाकीट प्रयोगशाळेत जाईल. कंट्रोल बॅज कुणी लावत नाही. तो ट्यूबपासून लांब असतो आणि त्याचे वाचन आमच्या वाचनातून वजा होते. नवा शिकाऊ मुलगा बॅज ॲप्रनवर लावून हिंडत होता. त्याला म्हटले, लेड ॲप्रनच्या आत लाव. बाहेर लावलास तर ॲप्रनला किती बसले तेवढेच कळेल. "पण सर, यात काही होताना तर दिसत नाही!"

दिसत नाही खरेच. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. लागलेल्या किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून पडते, तापवले की प्रकाश होऊन सुटते आणि तो प्रकाश मोजतात. वाचले की चकती कोरी, पुन्हा वापरायला मोकळी.

शुक्रवार, १२ एप्रिल

मागच्या तिमाहीचा अहवाल आला. सगळे जवळजवळ शून्य. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. निसर्गातूनच माणसाला जगभराच्या सरासरीने २.४ मिळतात. मी नोकरी बदलली तरी माझा आकडा माझ्या मागे येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राकडे देशभरातल्या किरणोत्सार-कामगारांची नोंदवही आहे, त्यात मीही आहे. गावाकडे भावाला सांगितले तर हसला, म्हणाला, "सरकारला तुझी एवढी काळजी?"

गुरुवार, १८ एप्रिल

गुंडलुपेटकडच्या खाणीत ड्रिल मारणारा माणूस आला होता. "उसिरु हिडिदुकोळ्ळी" (श्वास धरा) म्हटले, श्वास धरता येईना, खोकला. प्लेट पुन्हा घ्यावी लागली. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी. टीबीची औषधे दोनदा पूर्ण केलेली. निदान डॉक्टरांचे, पण चिठ्ठीवर नुसते 'खोकला, ताप' होते. सिलिका भरलेल्या फुप्फुसात टीबी लवकर शिरतो, आणि नुसता सिलिकोसिस असला तरी फिल्मवर तो टीबीसारखाच दिसू शकतो.

मोजणारा बॅज माझ्या छातीवर होता. त्याच्या छातीत काय झाले ते मी झाल्यावर टिपले.

शनिवार, २० एप्रिल

भूवैज्ञानिकांनी दक्षिण भारतातल्या तीनशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या एका गटाला या गावाचे नाव दिले आहे: सरगूर गट. त्यात क्वार्टझाइटही येतो. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. डोंगरात असेतो निरुपद्रवी, ड्रिलखाली पीठ झाला की काही मायक्रॉनचा कण थेट वायुकोशात.

धुळीलाही बॅजसारखे साधन आहे आणि ते नवे मुळीच नाही. कमरेला छोटा पंप, कॉलरला सायक्लोन, नाकापासून वीतभर अंतरावर. मिनिटाला १.७ लिटर हवा ओढली जाते, जाड धूळ खाली पडते, बारीक गाळणीवर बसते. पाळी संपली की गाळणी तोलायची आणि सिलिका किती ते क्ष-किरण विवर्तनाने तपासायचे. अमेरिकेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. खाणीच्या फाटकाशी यंत्र ठेवून हे कळत नाही: ड्रिलवाला आणि दहा पावलांवरचा ट्रकवाला एकच हवा घेत नाहीत.

इकडे या पंपाचे दर्शन मला अजून झालेले नाही. ज्याला खर्च परवडतो त्याचेच मोजमाप व्हावे, हे मला तरी मान्य नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

मतदान. विभाग अर्धाच चालू. उन्हाने जीव नकोसा.

सोमवार, २९ एप्रिल

तो माणूस पुन्हा आला, थुंकीच्या तपासणीसाठी. विचारले, "कामाला लागून किती वर्षं झाली?" बोटांवर मोजून म्हणाला, "पंधरा-सोळा." आजवर त्याला हे कुणी विचारले नव्हते म्हणे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी लिहिले: खाणकाम, ड्रिल, १५ वर्षे. डॉक्टरांनी वाचून फिल्म पुन्हा प्रकाशावर धरली.

पंप येईल तेव्हा येवो. तोवर एक्स-रेच्या चिठ्ठीवर रुग्ण काय काम करतो आणि किती वर्षे, एवढे दोन शब्द तरी प्रत्येक डॉक्टरने लिहावेत.