मार्गदर्शकांची शनिवारची बैठक

पीएच.डी.चा मार्गदर्शक कोणाला होता येते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीत नोंदलेले आहे. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार विद्यार्थी घ्यावेत, हेही त्यात आहे. विद्यार्थ्याचे कच्चे प्रकरण कसे वाचावे, हे मात्र नियमात बसणारे नाही. आपल्यापैकी बहुतेक जण ते आपापल्या सरांकडे पाहून शिकले. सर उदार, तर आपणही उदार. सरांचा दरारा, तर आपलाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठात जो हॅंडल्समन, क्रिस्टीन फंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘एन्टरिंग मेंटॉरिंग’ हे पुस्तक सिद्ध केले. विज्ञानातील मार्गदर्शकांनी प्रत्यक्ष घडणारे प्रसंग वाचावेत आणि त्यांवर आपसांत बोलावे, अशी त्याची रीत. याच रीतीच्या प्रशिक्षणाची वैद्यकीय संशोधनाच्या सोळा केंद्रांतील २८३ मार्गदर्शक-शिष्य जोड्यांवर चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, प्रशिक्षण घेतलेल्यांच्या कौशल्यांत इतरांहून अधिक वाढ दिसली. पण अशी चर्चा चालवायला सुलभक लागतो. त्याला कोण तयार करणार?

या प्रश्नापायी आम्ही मराठीचे सहा अध्यापक महिन्यातून एका शनिवारी बसू लागलो. नियम एकच: आपण घेतलेल्या कार्यशाळेत जिथे अडले, ती जागा सांगायची.

एकदा असा प्रसंग आला. मार्गदर्शकाने प्रकरण इतके ‘सुधारले’, की ग्रामीण कादंबरीविषयीचे विद्यार्थिनीचे म्हणणे जाऊन त्याचे स्वतःचे उरले. मग प्रबंध कोणाचा? कार्यशाळेत यावर कोणीच बोलले नव्हते. कारण पहिल्या रांगेत ज्येष्ठ सर होते आणि उपस्थितांपैकी निम्मे त्यांचेच विद्यार्थी. ज्येष्ठांचा मान राखून धाकट्यांना बोलते कसे करावे? आमच्यातील एका बाईंनी सुचवले, की आधी सर्वांनी नाव न घालता चिठ्ठी लिहावी आणि मिसळलेल्या चिठ्ठ्यांतून प्रत्येकाने दुसऱ्याची वाचावी. पुढच्या कार्यशाळेत ते करून पाहिले. एका चिठ्ठीत होते, “माझ्या प्रबंधातील काही वाक्ये मला आजही समजत नाहीत.” ती वाचण्याची पाळी ज्येष्ठ सरांवर आली. थोडे थांबून तेच म्हणाले, “यावर बोलू या.”

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली शिंपी, सुईणी, खाटीक यांच्या उदाहरणांवरून दाखवले, की काम शिकले जाते ते काम करणाऱ्यांच्या संगतीत. सुलभकाचे कामही त्याच जातीचे. चिठ्ठ्यांची युक्ती प्रत्येक ठिकाणी चालेल असे नाही. जिथे ती फसेल, तिथली हकीकत पुढच्या शनिवारी ऐकायची आहे.