राहून गेलेला सलाम

केनियाहून परत येऊन चार महिने झाले. तिकडचे ऊन, तिकडची गाणी हळूहळू पुसट होतायत. पण परतल्यानंतरचा पहिला रविवार आठवला की अजून जीव जळतो.

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीतून आम्ही बारा जण बारा दिवसांसाठी किसुमूजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. पीतज्वराची लस, ते पिवळे कार्ड, माणशी लाखावर खर्च आणि त्यासाठी वर्षभर लावलेले खाद्यपदार्थांचे स्टॉल, हे मिशन ट्रिपला जाऊन आलेल्यांना सांगायला नको. मी नर्स, म्हणून माझ्याकडे रक्तदाब आणि साखर तपासायचे काम. बाकीच्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या.

आम्हाला जेवू घालायची तिथल्या पाळकांची पत्नी. तिकडे पोक्त बाईला आदराने 'मामा' म्हणतात. पहिले दोन दिवस आमच्या तोंडी ते काही केल्या येईना, मग असे बसले की आजही मला तिची आठवण 'मामा' म्हणूनच येते.

चपाती हा शब्द तिकडे सगळ्यांना ठाऊक. मोंबासापासून किसुमूपर्यंतची रेल्वे 1896 ते 1901 मध्ये बांधली गेली, त्यासाठी तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले होते. व्यापारीही गेले. चपाती तिकडे रुजली, दुकानाचे 'दुका' झाले. पण ती रोजची नाही. रोज मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि पालेभाजी. चपाती सणासुदीला किंवा पाहुणे आले की. आपल्याकडे पुरणपोळीचे असते तसे. मामा मात्र आमच्यासाठी रोज पहाटे चारला उठून कणीक मळत होती. "तुम्ही भारतातली माणसं, चपातीशिवाय कशी जेवाल?" तिसऱ्या दिवशी मी मदतीला गेले. पोळीला तेल लावायचे, गुंडाळून तिचे वेटोळे करायचे, परत लाटायची. पदर असे सुटत होते की आमच्या घडीच्या पोळीने मान खाली घालावी. तीन दगडांची चूल, धूर, ओणवी झालेली मामा, झग्याची उसवलेली किनार. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

तिने हात पुसले आणि म्हणाली, "असा नको. मी नीट कपडे घालते, मग काढ."

निघायच्या दिवशी ती तयार होऊन आली. हिरवा छापील झगा, त्याच कापडाचा डोक्याला रुमाल, हातात बायबल. आमचे सामान गाडीत चढेपर्यंत अर्धा तास उन्हात उभी होती, सावलीत ये म्हटले तरी आली नाही. झग्याला सुरकुती पडेल म्हणून बसलीही नाही. फोटो झाल्यावर माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "हा तुमच्या मंडळीत दाखव. माझा सलाम सांग." त्यांच्या भाषेतही 'सलामू'च. आम्ही नगरचे ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतो, म्हणून मला भरून आले.

चुलीजवळचा फोटो मी तेव्हाच पुसायला हवा होता. चांगला आला होता म्हणून ठेवला. परतल्यावर सगळ्यांनी आपापले फोटो कमिटीकडे दिले, मीही दिले.

त्या रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटांचा अहवाल होता. पडद्यावर आधी विमानतळ, मग रंगकामाचे चार फोटो, आणि मग मामाची ओणवी पाठ, धूर, उसवलेली किनार. खाली मोठ्या अक्षरांत 'सुवार्तेची वाट पाहणारे लोक'. ती पाळकाची बायको आहे! आम्ही ना. वा. टिळकांची भजने झांजेवर म्हणायला बसलो तर दुसऱ्या कडव्याला तिच्या मंडळीतल्या बायका ताल धरत होत्या, आणि रोज रात्री आमच्यासाठी प्रार्थना तीच करत होती. हिरव्या झग्यातला फोटो आलाच नाही. सलामही कोणी सांगितला नाही, कारण बोलायला मला बोलावलेच नाही.

नंतर विचारले तर उत्तर मिळाले, "ताई, त्या फोटोत काही दिसत नाही हो. चांगली नीटनेटकी बाई उभी आहे. तो बघून दान कोण देईल?"

माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात पोरके झाले, अनाथालयात वाढले. आजी सांगायची, मुलांना नवे सदरे वाटले होते, पण परदेशी पाठवायचा फोटो निघेपर्यंत घालू दिले नाहीत. उघड्या बरगड्यांच्या त्या रांगेत पणजोबा होते. त्यांना शिक्षण मिळाले, जेवण मिळाले, आमचे घर उभे राहिले ते त्या मदतीवर, ते उपकार आजी कधी विसरली नाही. पण सदऱ्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलायचा. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, आणि तरी चुलीपुढे मोबाइल काढला.

कुणी अशा दौऱ्यावर निघाले असेल तर माझे एवढे ऐका. ज्याचा फोटो घ्याल त्याला विचारा. 'नको' म्हटले तर त्याच्यासमोर पुसा. आणि भिंती रंगवायला बारा माणसे विमानाने नेऊ नका, तिकडे रंगारी आहेत. आमच्या तिकिटांच्या पैशांत तिथल्या शिक्षकांचे बरेच पगार निघाले असते.

हे मी मनापासून लिहिते आहे. तरी पुढच्या वर्षीच्या यादीत माझे नाव आहे. मला मामाला भेटायचे आहे. आणि त्या रविवारी जे अर्पण आले, त्यातून शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे बसले, हेही खरे. तो निरोप आला तेव्हा मला आनंद झाला. त्या फोटोचेच पैसे होते, तरी झाला.

गेल्या आठवड्यात मामाचा आवाजी निरोप आला. पत्र्यांबद्दल आभार, मुले कशी आहेत, पोळ्या करतेस का. मग जरा थांबून, "माझा फोटो आवडला का तुमच्या लोकांना? सलाम पोचला?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. बुधवारी महिला मंडळाची बैठक आहे. हिरव्या झग्यातला फोटो मी मोठा छापून आणला आहे.