कास्पियनच्या तळाशीं

बाकू शहराबाहेर सुरखानी येथें एक जुनें अग्निमंदिर आहे. त्याच्या ओवऱ्यांच्या दारांवर देवनागरी शिलालेख असून कित्येकांचा आरंभ श्रीगणेशाच्या नमनानें होतो. अठराव्या शतकांत हिंदी व्यापारी व गोसावी येथवर येत, त्यांची ही खूण. इतक्या दूर आपली लिपि वाचावयास मिळाली म्हणजे मन भरून येतें, आणि मग ‘कास्पियन’ म्हणजे ‘काश्यप’ असें ठरविण्याचा मोह आमच्या मंडळींस आवरत नाहीं. आम्हांस तें पटत नाहीं. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो यानें कास्पी नांवाच्या लोकांवरून हें नांव पडल्याचें लिहिलें आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर वंशावळ रचूं नये. वंशावळच पाहावयाची तर या समुद्राच्या तळाशीं पाहावी.

तेथें चिखलांत व शिंपल्यांच्या चुऱ्यांत राहणारे, बहुधा बोटाच्या पेराहूनहि लहान असे कवचधारी प्राणी आहेत. कोळंबीचे हे दूरचे भाऊबंद. (ज्या घरांत कोळंबीचा प्रवेश नाहीं, त्यांनीं ती बाजारांतून जातांना पाहिलेली आठवावी.) त्यांपैकीं अँफिपोड हे दोन्ही बाजूंनीं चपटे व पाठींत वांकलेले, त्यांच्या सत्तरच्या आसपास जाती येथें आहेत. दुसरे क्युमेशिया, पुढें फुगीर, मागें सुतासारखे बारीक, आणि चिखलांत अर्धवट पुरून घेणारे. यांच्या जाती सुमारे 18. रशियन संशोधकांनीं जमविलेल्या नमुन्यांवरून नॉर्वेच्या जी. ओ. सार्स यांनीं 1890 नंतरच्या दशकांत यांतील पुष्कळांचीं सचित्र वर्णनें प्रसिद्ध केलीं.

समुद्र एक, पण वस्ती सर्वत्र सारखी नाहीं. उत्तर भाग सरासरी पांच-सहा मीटरच खोल. व्होल्गेचें गोडें पाणी तेथें पसरतें, म्हणून जवळजवळ गोड्या पाण्यांत निभावणाऱ्या जाती तेथें रमतात. मध्यभागाची कमाल खोली 788 मीटर, दक्षिणेची 1025. तेथें खारटपणा महासागराच्या सुमारें एकतृतीयांश. पूर्वेकडील कारा-बोगाझ-गोल आखातांत मात्र मीठ इतकें साचतें कीं या मंडळींपैकीं कोणाचा टिकाव लागत नाहीं.

आतां मूळ पुरुषाचा प्रश्न. फार पूर्वीं मध्य युरोपापासून अरल सरोवराच्या प्रदेशापर्यंत पॅराटेथिस नांवाचा विशाल जलाशय होता. तो आटत, तुटत गेला. कास्पियन व काळा समुद्र हे त्याचे अवशेष. बहुतेक जाती याच जुन्या घराण्याच्या. काळ्या समुद्रांत पुढें भूमध्य समुद्राचें खारें पाणी शिरलें, तेव्हां तेथील चुलतभावांनीं नद्यांच्या मुखांचा आश्रय घेतला. डॉन व नीपर यांच्या मुखांशीं ते अजून आढळतात.

दुसरें घराणें अधिक नवलाचें. थोड्याशा जातींचे निकटचे आप्त थेट आर्क्टिक समुद्रांत आहेत! मधें सारा रशिया पसरलेला. मग हे आले कसे? हिमयुगांत उत्तरेकडील नद्या बर्फानें अडून सरोवरें तुंबलीं व त्यांचें पाणी दक्षिणेकडे व्होल्गेच्या खोऱ्यांत उतरलें, त्या वाटेनें, असें बहुतेक पंडित मानतात. काळाविषयीं त्यांच्यांत मतभेद आहेत. वाटेविषयीं आम्हांस तरी दुसरा मार्ग सुचत नाहीं. ही मंडळी अजून खोल, थंड पाणीच पसंत करते.

तिसरे निव्वळ उपरे. 1930 नंतर काळ्या समुद्रांतून मासे आणून सोडले, त्यांच्याबरोबर झिंगे आले. 1952 सालीं व्होल्गा-डॉन कालवा खुला झाला, आणि जहाजांच्या तळाला चिकटून आणखी कांहीं आले. उलट दिशेचा प्रवासहि घडला आहे. पॅराटेथिसच्या घराण्यांतला एक खादाड अँफिपोड डॅन्यूब व कालव्यांच्या वाटेनें ऱ्हाइन नदींत पोंचला व 2010 सालीं इंग्लंडांत सांपडला. तेथें तो इतर लहान प्राण्यांचा फडशा पाडतो.

स्टर्जन मासा लहानपणीं याच कवचधाऱ्यांवर पोसतो, म्हणून कोळ्यांचें पोटहि त्यांच्याशीं बांधलेलें. आणि पाणी तर उतरत आहे. 1977 सालीं पातळी महासागराखालीं 29 मीटर होती. 1995 पर्यंत ती सुमारें अडीच मीटर चढली, आणि तेव्हांपासून पुन्हा उतरून त्या जुन्या नीचांकाच्याहि खालीं गेली आहे. उत्तरेचा तळ इतका सपाट कीं पाणी थोडें हटलें तरी किनारा कोसच्या कोस मागें सरतो, आणि काल जेथें हे जीव चिखलांत वळवळत होते तेथें आज वाळलेल्या शिंपल्यांचा थर दिसतो.